आजी जवळ आहे तोवर शीक

तुझा प्रश्न मी असा समजले. वय ३५, बी.एस्सी. केमिस्ट्री, लोट्याच्या एमआयडीसीत औषधाच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला (क्यूसी) ११ वर्षं. मुलगा पाच वर्षांचा. नवऱ्याची घरची आंब्याची कलमं आणि थोडी काजू. लॅबचा कंटाळा आलाय, डेटाच्या कामात शिरायचंय. आणि चिपळुणातल्या एका एजंटाने सांगितलंय, की इंग्लंडला अर्धवेळ एम.एस्सी.ला जा, उरलेल्या वेळात नोकरी करा, मुलाला आणि मिस्टरांना सोबत न्या. 'ताई, हे जमेल ना?'

ताई म्हणालीस म्हणून एकेरीवर येते. माझं माहेर वेळणेश्वर, सासर चिपळूण. दहा वर्षं शाळेत गणित-विज्ञान शिकवलं. २०१७ मध्ये नवऱ्याला लीड्सच्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली, त्याच्यामागून मी आले, चार वर्षांच्या मुलीला घेऊन. इथे घरी बसून अकाउंटन्सी शिकले, आता एका लहानशा फर्ममध्ये लोकांचे टॅक्स बघते.

तर, नाही जमणार. एजंटाने तीन गोष्टी एका पिशवीत घालून दिल्यात, त्या एका व्हिसावर मावत नाहीत. ब्रिटनच्या स्टुडंट व्हिसावर अर्धवेळ मास्टर्स करता येतं, एवढं त्याचं खरं. पण अर्धवेळ विद्यार्थ्याला काम करायची परवानगीच नाही, आठवड्याला एक तासही नाही. आणि नवरा-मूल आणता येत नाही. म्हणजे बिनपगारी, एकटी, दोन वर्षं.

मग पूर्णवेळ? एक वर्षाचं मास्टर्स, सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम. ते चालतं. पण जानेवारी २०२४ पासून शिकवणीचं, म्हणजे संशोधनाचं नव्हे तर वर्गात शिकून करायचं, मास्टर्स करणाऱ्यांना कुटुंब आणायची सोय बंद झाली; ती आता मुख्यतः पीएच.डी. आणि संशोधनाच्या अभ्यासक्रमांपुरती उरली. मास्टर्सनंतर नोकरी शोधायला ग्रॅज्युएट व्हिसा मिळतो, तोही २०२७ च्या जानेवारीपासून अर्ज करणाऱ्यांना दोन वर्षांऐवजी दीडच वर्षाचा. त्यावरही मूल नव्याने आणता येत नाही, विद्यार्थी असताना जे सोबत होतं तेच पुढे राहू शकतं. मुलाला आणायचं तर नोकरी देणाऱ्याने स्किल्ड वर्कर व्हिसा काढून दिला पाहिजे. सगळं सुरळीत झालं तरी तुझा पाच वर्षांचा मुलगा तुझ्याकडे येईपर्यंत सात-आठ वर्षांचा होईल. असे राहणारे लोक आहेत, मी त्यांना नावं ठेवत नाही. आपल्याकडे बोटीवर जाणाऱ्यांची मुलं बापाला वर्षातून एकदाच बघत मोठी झालीच की. पण तू विचारलंस ते हे नव्हतं.

दुसऱ्या देशांचंही फार वेगळं नाही. ऑस्ट्रेलियाच्या स्टुडंट व्हिसावर पूर्णवेळच शिकावं लागतं, कामाची मर्यादा पंधरवड्याला ४८ तास. कॅनडात कॉलेजबाहेर काम करायचं आणि पुढचा वर्क परमिट मिळवायचा, तर तिथेही पूर्णवेळ. अर्धवेळ शिक्षण हे तिकडे राहायचा हक्क आधीच हातात असलेल्यांसाठी असतं. आत शिरायचं दार ते नव्हे.

मी शिकू शकले कारण मी नवऱ्याच्या व्हिसावर होते. कामाच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराला नोकरीही करता येते आणि शिकताही येतं. तरी मी युनिव्हर्सिटीत गेले नाही. तिथे परदेशी विद्यार्थ्याची फी पडत होती, आणि इथल्या लोकांची फी लागायला कायमचं राहायची परवानगी लागते. म्हणून एसीसीए, म्हणजे अकाउंटंट व्हायची ब्रिटिश संस्थेची परीक्षा, ते धरलं. एकूण १३ पेपर, पास व्हायला ५० टक्के, शिवाय ३६ महिन्यांचा कामाचा अनुभव. तू कोणत्या व्हिसावर आहेस, हे ते विचारत नाहीत.

आता खरी अडचण सांगते. माझ्या मनात होतं, मूल शाळेत जाईल तेव्हा आपण पुस्तक उघडू. शाळा नऊ ते सव्वातीन. नवऱ्याच्या ड्युट्या साडेबारा तासांच्या, कधी दिवसा, कधी रात्री. मी शाळेतच जेवणाच्या सुट्टीत पोरांवर लक्ष ठेवायचं काम धरलं होतं, कारण दहा वर्षांच्या मास्तरकीला इथे कुणी हुंगलं नाही. म्हणजे दिवसाचे मोकळे असे तीन तास, त्यातच स्वयंपाक, धुणं, बाजार. आणि वर्षातले १३ आठवडे शाळा बंद. मोठी सुट्टी सहा आठवड्यांची, शिवाय प्रत्येक सत्राच्या मध्ये एक आठवडा.

एसीसीएचे मोठे पेपर मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबरमध्ये होतात. जूनची परीक्षा पहिल्या आठवड्यात, आणि त्याच्या बरोबर आधीचा आठवडा शाळेला सुट्टी. सप्टेंबरची परीक्षाही पहिल्या आठवड्यात, सहा आठवड्यांच्या सुट्टीच्या शेपटावर. म्हणजे उजळणीच्या ऐन दिवसांत मुलगी दिवसभर घरात आणि तिला माझ्याबरोबर चित्रं काढायची असत. टॅक्सेशनच्या पेपरला पहिल्यांदा ४७ आले. तीन गुण! त्या सुट्टीत किती दिवस 'आई, बघ ना' ऐकून पुस्तक मिटलं होतं ते आठवून रडले, आणि रडले म्हणून तिला वाईट वाटलं, ते वेगळंच. त्यानंतर जून आणि सप्टेंबर सोडूनच दिले. डिसेंबर आणि मार्च, एका खेपेला एकच पेपर. सुरुवातीचे तीन सोपे पेपर केव्हाही देता येतात, ते आधी उरकले होते म्हणून बरं. तरी पूर्ण व्हायला सहा वर्षांच्या वर गेली.

चिपळुणात असताना मला हे तास फुकट मिळत होते आणि मला त्यांची किंमत नव्हती. सासूबाई पडवीत तांदूळ निवडत बसायच्या, मुलगी त्यांच्यासमोर. कामाला उशीर झाला तर शेजारच्या काकू तिला भात भरवून झोपवायच्या, आणि वर मला विचारायच्या, 'तू जेवलीस का गो?' इथे पैसे घेऊन आठ वर्षांखालचं परक्याचं मूल आपल्या घरी दिवसाला दोन तासांहून जास्त सांभाळायचं, तर सांभाळणाऱ्या बाईला सरकारदरबारी नोंदणी करावी लागते. साहजिकच तिचे दर तसेच. कामाला जाणाऱ्या आईबापांना पाळणाघराचे आठवड्याला जे ३० तास सरकार फुकट देतं, ते दोघंही व्हिसावर असताना मिळत नाहीत. तीन-चार वर्षांच्या मुलांचे १५ तास मात्र सगळ्यांना असतात. तुझा मुलगा शाळेच्या वयाचा, त्यामुळे शाळा मोफत, पण शाळेच्या आधीचा आणि नंतरचा वेळ विकत. आईला बोलावू म्हणशील, तर तिला सहा महिन्यांचा व्हिजिटर व्हिसा मिळेल, भेटीपुरता. शिवाय जानेवारीच्या थंडीत दुपारी चारला अंधार पडतो. माझी आई एकदाच आली, आणि खिडकीतून बघत म्हणाली, 'इथली माणसं कुठे गेली सगळी?'

म्हणून माझा सल्ला एजंटाच्या बरोबर उलटा आहे. शिकून घे तिथे, आणि ये कामाच्या व्हिसावर. आगोटीचं सामान आपण मे महिन्यात भरतो, धो धो पावसात दुकान शोधत फिरत नाही.

शिकायचं काय? आयआयटी मद्रासचा डेटा सायन्सचा ऑनलाइन बी.एस. आहे, २०२० मध्ये सुरू झालेला. जेईई लागत नाही, वयाची अट नाही, आधी एक पात्रता फेरी असते. फाउंडेशन, डिप्लोमा, मग पदवी असे टप्पे आहेत आणि मध्येच सर्टिफिकेट किंवा डिप्लोमा घेऊन थांबता येतं. तुझी बी.एस्सी. झालेलीच आहे, तुला डिप्लोमापर्यंत पुष्कळ होईल. एका विषयाला आठवड्याला साधारण दहा तास धर, असं तेच सांगतात. व्हिडिओ घरबसल्या, परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन. त्या दिवसांच्या रजा वर्षाच्या सुरुवातीलाच बाजूला काढून ठेव. वर्षाला तीन सत्रं असतात, जानेवारी, मे आणि सप्टेंबरची. जानेवारीचं सत्र ऐन आंब्यात संपतं. तुझा नवरा तेव्हा पहाटेपासून पेट्या भरत असणार आणि घरचं सगळं तुझ्यावर. त्या सत्रात एकच विषय घे. उरलेल्या दोन सत्रांत दोन-दोन. त्याहून जास्त घेऊ नकोस, मी उत्साहात एकदा दोन पेपर एकदम भरले होते आणि दोन्हींत आपटले.

आणि लॅबचा कंटाळा आला म्हणून लॅब सोडू नकोस. रागावू नकोस, पण पस्तिशीतल्या नवशिक्या डेटावाल्याला परदेशातून बोलावून कुणी व्हिसा काढून देत नाही. औषधाच्या कारखान्यातलं ११ वर्षांचं क्यूसी आणि त्यावर आकड्यांचं ज्ञान, हे जोडून मागणारे लोक आहेत. बॅचमागून बॅचचे निकाल कुठे सरकतायत ते ओळखणं, ऑडिटला नोंदींचा माग दाखवणं, लॅबच्या सॉफ्टवेअरमधून अहवाल काढणं, यातलं थोडं तू आजही करतच असशील. ते तुझ्या साहेबांकडून मागून घे. सहा महिने केलंस की बायोडेटावर लिहिता येतं.

ब्रिटनमध्ये स्किल्ड वर्कर व्हिसासाठी जुलै २०२५ पासून वर्षाला किमान ४१,७०० पौंड पगार लागतो, किंवा त्या कामाचा ठरवलेला दर, दोन्हींत जास्त असेल तो. जानेवारी २०२६ पासून इंग्रजीची पातळीही वाढवून बी२ (मध्यमाच्या वरची) केली आहे. ज्या कंपन्यांना बाहेरून माणूस आणायचा परवाना आहे त्यांची यादी सरकारी संकेतस्थळावर उघडी पडलेली आहे, त्यासाठी एजंटाला पैसे देऊ नकोस. आयर्लंडचंही बघ. कॉर्कच्या बाजूला औषधांचे मोठे कारखाने आहेत, आणि तिथल्या क्रिटिकल स्किल्स परमिटवर आलेल्याच्या जोडीदाराला वेगळा परमिट न काढता नोकरी करता येते. हे सगळे आकडे बदलत राहतात, माझ्या डोळ्यांदेखत चारदा बदलले. पैसे भरायच्या दिवशी पुन्हा तपास.

पैशाचा एक हिशेब मात्र आजच मांड, कारण तो कुणी आधी सांगत नाही. ब्रिटनच्या व्हिसाबरोबर आरोग्य अधिभार आगाऊ भरावा लागतो, मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड, मुलाला ७७६. तुम्ही तिघं, तीन वर्षं, म्हणजे ८,५३८ पौंड. आपले दहा लाखांच्या आसपास, व्हिसाची फी आणि विमान वेगळं. काही कंपन्या हा भार उचलतात. ऑफर आली की लाजू नकोस, विचार. हॉस्पिटलात वगैरे काम करणाऱ्यांच्या हेल्थ अँड केअर व्हिसाला हा अधिभार माफ असतो, पण तो तुला लागू पडेलसं दिसत नाही.

नवऱ्याशी बोललीस का, हे तू लिहिलं नाहीस. कलमं सोडून आलेल्या माणसाला इथे पहिली दोन वर्षं गोदामात पेट्या उचलाव्या लागतात, आणि त्या आंब्याच्या नसतात. तो येणार, की मागे राहणार, की हंगामापुरता परतणार? माझा नवरा इथे स्वतःच्या कामावर आला होता, तरी पहिल्या गणपतीला फोनवर आरती ऐकून दिवसभर बोलला नाही.

कागदांचं एक. मार्कलिस्टा, पदवी, अनुभवाचे दाखले यांचे स्कॅन करून दोन ठिकाणी ठेव, मूळ कागद माळ्यावर. माझे सासरी खालच्या कपाटात होते. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदी गावात शिरली तेव्हा माणसं वाचली यातच सगळं आलं, पण बी.एड.चं प्रमाणपत्र लगदा झालं. दुसरी प्रत काढायला भावाने मुंबईच्या चार फेऱ्या मारल्या. विद्यापीठाचे ट्रान्सक्रिप्ट आत्ताच मागवून ठेव, वेळ लागतो. क्षयाची तपासणी मात्र आधी करू नकोस, तिच्या दाखल्याला मुदत असते. व्हिसाचा अर्ज जवळ आला की त्यांनी नेमलेल्या दवाखान्यातच करायची.

आता एवढं कर. एका कागदावर आठवड्याचे सात दिवस लिही, आणि पुढे लिही की संध्याकाळी सात ते दहा मुलगा कुणाकडे. 'बघू' असं लिहायचं नाही, माणसाचं नाव लिहायचं. पाच वार भरले तर पुढच्या सत्राच्या पात्रता फेरीला नाव घाल. दोनच भरले तरी घाल, एक विषय घे. एकही भरला नाही तर आधी सासूबाईंशी बोल, आणि त्यांना सांग की परीक्षेच्या दिवसांत पोळ्या बाहेरून आणल्या तरी चालतील. माझ्या घरी ते वाक्य बोलायला मला चार वर्षं लागली. कागदाचा फोटो मला पाठव.