गुप्तदान नव्हे, झाकली मूठ

प्रश्न : राजकीय पक्षांना नाव न सांगता मिळणाऱ्या पैशाला हल्ली सर्रास ‘गुप्तदान’ म्हणतात. हा वापर बरोबर आहे का? इंग्रजीतल्या ‘डार्क मनी’ला ‘काळा पैसा’ म्हटलं तर चालेल का? आणि गुप्तदान जोडून लिहायचं की तोडून? (एक वाचक, कर्वेनगर)

‘काळा पैसा’ चालणार नाही. काळा म्हणजे कर चुकवलेला, वहीत न दाखवलेला. निवडणूक रोखे म्हणजे स्टेट बँकेकडून विकत घेऊन पक्षाला द्यायचे, देणाऱ्याचं नाव नसलेले कागद. त्यांचा पैसा बँकेच्या ठरावीक शाखांमधून, ओळखीची कागदपत्रं देऊन, रीतसर खात्यातून गेला. पैसा पांढराशुभ्र होता, अंधार वाटेत होता. अमेरिकेत कंपन्यांना निवडणूक प्रचारावर स्वतंत्र खर्चाची मुभा देणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या निकालानंतर ‘डार्क मनी’ फोफावला, तोही याच अर्थाने: खर्च दिसतो, देणारा दिसत नाही. हा भाग संपला.

आता गुप्तदान. गेल्या महिन्यात टिळक रस्त्यावरच्या एका सभागृहात एका वक्त्याने हा शब्द अकरा वेळा वापरला. मी मोजले, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. मी उठू लागलो की सौ. सदऱ्याची बाही धरत होती.

गुप्तदान म्हणजे काय ते मला आजीने लाडवातून शिकवलं. संक्रांतीला ती तिळाच्या लाडवात दहा पैशांचं नाणं घालायची, ते नागमोडी कडेचं, अ‍ॅल्युमिनियमचं. लाडू घेणाऱ्याला ते कळायचं दाताखाली आल्यावर. माझी एक दाढ त्या पुण्याईत कामी आली आहे. कोहळ्यात सोन्याचा मणी घालून देतात तोही हाच प्रकार. इथे देणारा समोर उभा असतो, नाव-गोत्रासकट. लपलेली असते ती वस्तू, आणि तीही घेणाऱ्यापासून, म्हणजे त्याला ओशाळं वाटू नये. दुसरा प्रकार देवळातल्या देणगीफलकावर दिसतो: ‘गुप्तदान, रु. ५०१’. तिथे नाव लपतं, कारण देणाऱ्याला मोठेपणा नको असतो. दोन्हीकडे देणारा परत काही मागत नाही.

रोख्यांत काय होतं? योजना २ जानेवारी २०१८ ला अधिसूचित झाली. एक हजारापासून एक कोटीपर्यंतचे रोखे, मुदत पंधरा दिवस. कागदावर ना विकत घेणाऱ्याचं नाव, ना पक्षाचं. एक क्रमांक मात्र होता, साध्या डोळ्यांना न दिसणारा, अतिनील दिव्याखाली उमटणारा. देणाऱ्याला ठाऊक की कुणाला दिलं. बँकेला ठाऊक की कुणी विकत घेतलं. रोखा हातोहात पोचवायला कुणाची आडकाठी नव्हती, म्हणजे पक्षालाही ठाऊक. मग गुप्त कुणापासून? तुमच्या-माझ्यापासून, म्हणजे ज्यांनी बोटाला शाई लावून घेतली त्यांच्यापासून. आजीच्या लाडवात आणि यात एवढाच फरक, की इथे लाडू खाणाऱ्याला नाणं आधीच माहीत असतं आणि दाढ मात्र आपली पडते.

(संयुक्त जनता दलाने निवडणूक आयोगाला कळवलं की ३ एप्रिल २०१९ ला पाटण्याच्या कार्यालयात कुणीतरी बंद पाकीट देऊन गेलं, उघडलं तर आत एकेक कोटीचे दहा रोखे. देणारा कोण, ठाऊक नाही. आमच्या पेठेतल्या मंडळात शंभराची वर्गणी दिली तरी पोरं पावतीवर नाव लिहिल्याशिवाय हलत नाहीत, आणि जोडाक्षर चुकलं तर आपणच त्यांना थांबवतो.)

पण माझी खरी तक्रार ‘गुप्त’बद्दल नाहीच. ती ‘दान’बद्दल आहे. आणि इथे मराठी माणसाच्या जिभेने कधीच निकाल देऊन ठेवला आहे, फक्त कुणी वाचत नाही. आपण म्हणतो ‘साम, दाम, दंड, भेद’. शुद्धिप्रेमी मंडळींचा यावर ठरलेला आक्षेप असतो: ‘दाम’ अशुद्ध, मूळ शब्द ‘दान’. आमचे एक स्नेही, निवृत्त संस्कृत अध्यापक, चहाचा कप खाली ठेवून ही दुरुस्ती करतात. त्यांना माझं सांगणं असं की मुळापर्यंतच जायचं तर नीट जा. मनुस्मृतीत ‘दान’ आहे, कबूल. पण कौटिल्याच्या उपायांच्या यादीत शब्द आहे ‘उपप्रदान’, आणि त्याचा अर्थ तो स्वतःच देतो: अर्थोपकार. पैशाने केलेला उपकार. म्हणजे राजनीतीतलं ‘दान’ हे दान नाही हे चाणक्यालाही माहीत होतं, म्हणून त्याने उपसर्ग लावून शब्द वेगळा काढला. ‘साम’ला जुळतं म्हणून ‘दाम’ आलं, निव्वळ यमक, असं स्नेह्यांचं म्हणणं. यमक असेलही. पण मराठीत यमकाला शब्द कमी नव्हते. लोकांनी नेमका किमतीचा शब्द उचलला. याला मी अपभ्रंश म्हणत नाही, दुरुस्ती म्हणतो.

आता हा दाम आला कुठून? इथे पुन्हा वाद. काही जण तो संस्कृत ‘दामन्’ म्हणजे दोरी, यापासून काढतात, नाणी दोरीत ओवायचे म्हणून. हे घरी बसून सुचलेलं आहे. ‘दामन्’पासून आपल्याकडे गुरांचं दावं आलं, दावण आली. मोह मलाही होतो, खोटं कशाला बोलू. देणगीदाराच्या दावणीला बांधलेला पक्ष, हे चित्र इतकं चपखल आहे की व्युत्पत्ती खरी असती तर मी पेढे वाटले असते. पण ती खरी नाही.

दाम आला ‘द्रम्म’पासून. द्रम्म हे नाणं भास्कराचार्यांच्या लीलावतीत आहे: वीस कवड्यांची काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म. करा गुणाकार, एका द्रम्माच्या १२८० कवड्या. आणि चाळीसगावजवळच्या पाटणला, जिथे भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने मठ काढला, तिथल्या शके ११२८ च्या शिलालेखातल्या मराठी मजकुरात मठाला लावून दिलेल्या उत्पन्नात ‘दामाचा वीसोवा’ आहे, म्हणजे दामामागे विसावा हिस्सा. कुणाकडून किती घ्यायचं आणि कुणाला द्यायचं, सगळं दगडावर, आल्यागेल्याला वाचता येईल असं. आठशे वर्षांपूर्वीचा देणगीफलक, आणि त्याला अतिनील दिवा लागत नाही.

‘द्रम्म’ तरी कुणाचा? ग्रीकांचा. मूळ शब्द ‘द्राख्मे’. मिनँडरची, म्हणजे आपल्या मिलिंद राजाची, जुनी द्राख्मे भडोच बंदरात अजून चालतात असं इसवी सनाच्या पहिल्या शतकातला एक ग्रीक खलाशी लिहून गेला आहे. तिथून कोकण आणि घाट चढायला शब्दाला कितीसा वेळ लागणार!

आणि द्राख्मेचा अर्थ? हे ज्या दिवशी मला कळलं त्या दिवशी मी दुपारची झोप सोडली. पुण्यात याचं मोल कळेल. ग्रीकमध्ये त्या शब्दाची मूळ क्रिया आहे ‘मुठीत धरणे’. नाण्यांच्या आधी तिथे लोखंडी सळया चालत, त्यांना ओबोल म्हणत. सहा सळया हातात घेतल्या की मूठ भरली. ती मूठ म्हणजे द्राख्मे. द्राख्मे म्हणजे मूठ, द्रम्म म्हणजे मूठ, दाम म्हणजे मूठ. दमडी त्याच घरातली धाकटी.

आता आठवा: झाकली मूठ सव्वा लाखाची.

‘डार्क मनी’ला मराठी शब्द शोधत लोक समित्या नेमतील, ‘अप्रकट वित्त’, ‘तमोधन’ असलं काहीतरी वाळवणाला घालतील. शब्द म्हणीत पडून आहे. ‘झाकमुठीचा पैसा’ म्हणा. एकदा ऐकला की समजावून सांगावा लागत नाही. विशेषण हवं तर ‘झाकमूठ देणगी’. आमच्या स्नेह्यांचा आक्षेप आलाच: म्हणीत मूठ झाकायची ती अब्रू राखायला, उघडली की आत काही नसतं म्हणून. बरोबर आहे. इथे उलटं झालं, आणि म्हणूनच मला ती आवडते. १५ फेब्रुवारी २०२४ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने योजना घटनाबाह्य ठरवली, मतदाराच्या माहितीच्या हक्कावर बोट ठेवून. बँकेने तपशील द्यायला ३० जूनपर्यंत मुदत मागितली, म्हणजे लोकसभेची निवडणूक उरकल्यावर. ११ मार्चला न्यायालयाने ती नाकारली आणि दुसऱ्या दिवसाची वेळ दिली. १४ मार्चला याद्या आयोगाच्या संकेतस्थळावर होत्या, पण देणारे एका यादीत, घेणारे दुसऱ्या. कोणाची मूठ कोणाच्या हातात, हे जुळवायला तो क्रमांक लागत होता. तोही आणखी आठवड्याने बाहेर आला. सव्वा लाख कसले, सगळे मिळून सोळा हजार कोटींच्या वरचे रोखे विकले गेले होते.

स्नेही म्हणतात, मूठ ते दाम ते मूठ हा प्रवास योगायोग आहे, म्हणीचा ग्रीकांशी संबंध नाही. नसेल. मी कुठे म्हटलं आहे? पण त्यांनी ‘दाम’ला अशुद्ध म्हणायचं आधी थांबवावं, मग माझे योगायोग मोजावेत.

आणि एक, रोख्यांवर बंदी आली म्हणून मूठ उघडली असं समजू नका. वीस हजारांपर्यंतच्या देणगीदारांची नावं पक्षांना आजही आयोगाला कळवावी लागत नाहीत. त्याला काय म्हणायचं हे विचारलं असतंत तर मी ‘चिमूट’ सुचवली असती.

गुप्तदान जोडून लिहा. समास आहे.