फुकटात आलेला महागडा खेळाडू

युरोपीय फुटबॉलमध्ये करार संपल्यावर मोकळे होणारे खेळाडू, म्हणजे फ्री एजंट, आणि त्यांच्यावर होणारा खर्च यांविषयी बरीच पत्रे आली आहेत. त्यांतील तीन पत्रांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : आमच्या कट्ट्यावर रेयाल माद्रिदचे बरेच चाहते आहेत. किलियन एम्बापे २०२४ मध्ये संघात आल्यापासून त्यांच्यात दोन तट पडले आहेत. जगातला अव्वल खेळाडू एक पैसाही न देता मिळाला, असे एका तटाचे म्हणणे आहे. दुसरा तट म्हणतो की हा क्लबच्या इतिहासातला सर्वांत महागडा सौदा असून पहिल्या मोसमात लीगही मिळाली नाही आणि चॅम्पियन्स लीगही नाही. खरे कोणाचे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : पैशांपुरते बोलायचे तर पहिल्या तटाची बाजू लंगडी आहे. करार चालू असलेला खेळाडू हवा असेल, तर त्याच्या क्लबला ट्रान्सफर फी द्यावी लागते. करार संपला की ही फी उरत नाही. ही मोकळीक खेळाडूंना बेल्जियमच्या जाँ-मार्क बॉसमनमुळे मिळाली. आरएफसी लिएज या क्लबशी असलेला त्याचा करार १९९० मध्ये संपला होता आणि त्याला फ्रान्समधल्या डंकर्कच्या संघात जायचे होते; पण करार संपूनही लिएजने पैशांवर हक्क सांगितला आणि बॉसमन मधल्या मध्ये अडकला. युरोपीय न्यायालयाने १५ डिसेंबर १९९५ रोजी त्याच्या बाजूने निकाल दिला. त्या निकालाने जुन्या क्लबचा वाटा गेला, पण पैसा बाजारातच राहिला. नव्या क्लबची जी फी वाचते, तिच्यातला मोठा भाग साइनिंग बोनस (करारावर सही केल्याबद्दलची रक्कम) म्हणून खेळाडूला आणि कमिशन म्हणून त्याच्या एजंटाला मिळतो.

एम्बापेच्या कराराचे आकडे माद्रिदने जाहीर केलेले नाहीत. बीबीसीच्या वृत्तानुसार मात्र पाच वर्षांच्या या करारात त्याला वर्षाला दीड कोटी युरो पगार आणि पाच वर्षांत विभागून १५ कोटी युरो बोनस मिळणार आहे, म्हणजे दर वर्षी तीन कोटी युरो नुसत्या बोनसपोटी जातील. याच खेळाडूसाठी पॅरिस सेंट-जर्मेनने मोनॅकोला १८ कोटी युरो मोजले होते. तेवढीच फी माद्रिदने भरली असती, तर हिशेबाच्या वहीत ती कराराच्या पाच वर्षांवर विभागली जाऊन वर्षाला ३ कोटी ६० लाख युरो पडली असती. त्या स्थितीत बोनस जवळजवळ द्यावाच लागला नसता असे धरले, तर प्रत्यक्षात वाचले ते वर्षाला साठ लाख युरोंच्या आसपास. माद्रिदसारख्या क्लबला ही बचत नगण्य नाही, पण तिला फुकट म्हणणे कठीण आहे. खरी झळ बसली ती पॅरिसला, कारण १८ कोटी देऊन आणलेला खेळाडू हातातून गेला आणि तिजोरीत काहीच आले नाही.

दुसऱ्या तटाचा राग मात्र चुकीच्या माणसावर निघतो आहे. एम्बापेने २०२४-२५ च्या स्पॅनिश लीगमध्ये ३१ गोल केले आणि लीगमधील सर्वाधिक गोलांचा मान मिळवला. त्याच मोसमात नोव्हेंबरच्या अखेरीस लिव्हरपूलविरुद्ध त्यांच्याच अॅनफिल्ड मैदानावर आणि जेमतेम आठवडाभरात बिलबाओमध्ये अॅथलेटिकविरुद्ध त्याने पेनल्टी दवडल्या, आणि दोन्ही सामने माद्रिदने गमावले. चाहत्यांच्या मनात हेच दोन प्रसंग रुतून बसले आहेत. (अॅनफिल्डवर त्याच संध्याकाळी लिव्हरपूलच्या सलाहनेही पेनल्टी दवडली होती, लिव्हरपूल जिंकल्यामुळे तिची आठवण कोणी काढत नाही.) माद्रिदची अडचण वेगळीच होती. ज्या उन्हाळ्यात एम्बापे आला, त्याच उन्हाळ्यात टोनी क्रूस निवृत्त झाला आणि मधल्या फळीतून खेळाची सूत्रे हलवणारा त्याच्या तोडीचा माणूस आणला गेला नाही. पुढे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कार्वाहाल आणि मिलिटाव हे बचावपटू गुडघ्याच्या गंभीर दुखापतींमुळे मोसमाबाहेर गेले. एम्बापेला डावीकडून आत शिरत खेळायला आवडते, आणि तिथे व्हिनिसियस आधीपासूनच होता. मोठी रक्कम जिथे कमतरता नव्हती तिथे गेली, हे चाहत्यांनी म्हणायला हवे. पण त्याचा जाब संघबांधणी करणाऱ्यांना विचारावा लागेल, खेळाडूला नव्हे.

प्रश्न : असा सौदा जमला की फसला, हे आमच्यासारख्या साध्या चाहत्यांनी कशावरून ओळखावे? गोल मोजावेत, चषक मोजावेत की पगार पाहावा?
— एक वाचिका, ठाणे

उत्तर : याचे सर्वांत बोलके उदाहरण पॅरिस सेंट-जर्मेननेच घालून दिले आहे. या क्लबने २०२१ च्या एकाच उन्हाळ्यात चार बडे खेळाडू ट्रान्सफर फी न देता घेतले : लिओनेल मेसी, सर्हियो रामोस, जॉर्जिनियो वाइनाल्डम आणि जियानलुइगी डोनारुम्मा. त्या वेळी मेसी ३४ वर्षांचा होता, रामोस ३५, वाइनाल्डम ३० आणि डोनारुम्मा अवघा २२. त्या उन्हाळ्यात चाहत्यांमध्ये वाद झाला तो मुख्यतः मेसीवरून, कारण तो बार्सिलोना सोडून आला होता. डोनारुम्माबद्दल उलट प्रश्न असा होता की कैलोर नवाससारखा उत्तम गोलरक्षक असताना दुसरा कशाला हवा.

पुढे काय घडले ते पाहा. रामोस पोटरीच्या दुखापतीसह आला आणि त्याचा पहिला सामना उजाडायला नोव्हेंबरचा शेवट आला. वाइनाल्डमचे संघात कधी बस्तानच बसले नाही आणि वर्षभरातच तो रोमाकडे उसना गेला. मेसीने दोन वर्षांत दोन लीग विजेतेपदे मिळवून दिली, पण चॅम्पियन्स लीगमध्ये संघ दोन्ही वर्षी अंतिम सोळाच्या टप्प्यातच गारद झाला. पहिल्या वर्षी माद्रिदविरुद्धच्या पहिल्या लढतीत मेसीची पेनल्टी माद्रिदचा गोलरक्षक कोर्त्वाने अडवली आणि परतीच्या लढतीत माद्रिदच्याच बेंझेमाने तीन गोल ठोकले. त्यानंतर काही दिवसांनी पॅरिसमध्ये बोर्दोविरुद्ध सामना होता, आणि चेंडू मेसीच्या किंवा नेमारच्या पायाशी गेला की घरच्याच प्रेक्षकांनी शिट्ट्या मारल्या. तरीही पॅरिससाठी मेसीला सरसकट अपयशी ठरवणे मला पटत नाही. त्याच्या नावावर खपलेल्या जर्सी आणि मिळालेले प्रायोजक यांचा हिशेब स्टँडमध्ये बसलेल्या प्रेक्षकाला दिसत नसतो. अर्थात तो प्रेक्षक तिकीट काढतो ते संघ जिंकावा म्हणून, हेही तितकेच खरे.

डोनारुम्माचे नाणे मात्र खणखणीत वाजले. मार्च २०२५ मध्ये अॅनफिल्डवर लिव्हरपूलविरुद्धचा सामना पेनल्टी शूटआउटमध्ये गेला, तेव्हा त्याने नुन्येझ आणि कर्टिस जोन्स यांचे फटके अडवले. मे महिन्यात अंतिम सामन्यात इटलीच्या इंटर मिलानला ५-० असे हरवून पॅरिसने आपली पहिली चॅम्पियन्स लीग जिंकली. त्यानंतर करार संपायला एक वर्ष उरले असताना आणि नव्या करारावर एकमत होत नसताना क्लबने त्याला मँचेस्टर सिटीला विकले. फी न देता घेतलेल्या खेळाडूने चषकही दिला आणि जाताना पैसेही. एम्बापेच्या बाबतीत बसलेल्या चटक्याची आठवण त्या विक्रीमागे असणार, असे मला वाटते.

तेव्हा पहिली गोष्ट पाहावी ती वय, कारण तिशी ओलांडलेल्या खेळाडूला पुढे विकून काही परत मिळण्याची शक्यता कमी असते; त्याचा करार म्हणजे निव्वळ खर्च. त्यानंतर संघात त्याच्या जागेवर खरोखर उणीव होती का, हे तपासावे. पगाराचा आकडा स्वतंत्रपणे फार काही सांगत नाही, मात्र नव्या खेळाडूचा पगार जुन्या सहकाऱ्यांपेक्षा फारच वर गेला, तर पुढच्या वाटाघाटीत प्रत्येकाचा एजंट तोच आकडा समोर ठेवतो, आणि हा खर्च चाहत्यांच्या चर्चेत बहुधा कधी धरलाच जात नाही.

प्रश्न : मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर सामने बघत मोठा झालो. आमच्याकडे एका तालमीचा खेळाडू दुसऱ्या तालमीकडून उतरला, तर पेठेत त्याला काय ऐकून घ्यावे लागते ते विचारू नका. ट्रेंट अलेक्झांडर-अर्नोल्ड लिव्हरपूल सोडून माद्रिदला निघाला तेव्हा अॅनफिल्डवर त्याची हुर्यो झाली. ते योग्य होते का? आणि करार संपू देण्यापेक्षा क्लबने त्याला आधीच का विकले नाही?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : हुर्यो झाली ती ११ मे २०२५ रोजी, आर्सेनलविरुद्धच्या सामन्यात तो राखीव खेळाडू म्हणून मैदानात आला तेव्हा. क्लब सोडत असल्याचे त्याने थोड्याच दिवसांपूर्वी जाहीर केले होते. दोनच आठवड्यांनी, मोसमाच्या शेवटच्या सामन्यात त्याच मैदानावर त्याचे टाळ्यांनी स्वागत झाले. योग्य-अयोग्य ठरवण्यापेक्षा कारण समजून घेतलेले बरे. तो लिव्हरपूलचाच मुलगा, सहाव्या वर्षी क्लबच्या अकादमीत आलेला. अशा खेळाडूने जाताना क्लबला चांगली किंमत मिळवून दिली असती, तर दुःख झाले असते, पण संताप इतका झाला नसता. चाहत्यांना जाणे बोचले, त्याहून जास्त बोचले ते क्लबच्या हाती जवळजवळ काही न देता जाणे. अखेर क्लब वर्ल्ड कपसाठी तो महिनाभर आधी मिळावा म्हणून माद्रिदने सुमारे एक कोटी युरो दिल्याच्या बातम्या आल्या. त्याच्यासारख्या खेळाडूच्या बाजारभावापुढे ही रक्कम किरकोळ आहे. लिव्हरपूलला हा अनुभव नवा नाही. स्टीव्ह मॅकमॅनमनही १९९९ मध्ये करार संपवून माद्रिदलाच गेला होता, आणि पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये व्हॅलेन्सियाविरुद्धच्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात त्याने गोलही केला.

आधी विकण्याचे म्हणाल, तर ते एकट्या क्लबच्या हातात नसते. खेळाडूची संमती नसेल तर विक्री होत नाही, आणि कराराचे शेवटचे सहा महिने उरले की त्याला इतर क्लबांशी बोलणी करून पुढचा करार करता येतो. जर्मनीतल्या डॉर्टमुंड क्लबने २०१३ मध्ये आपल्या लेवांडोव्हस्कीला विकायचे नाकारले, एक वर्ष आणखी खेळवून घेतले, आणि २०१४ मध्ये तो फीशिवाय प्रतिस्पर्धी बायर्न म्युनिकमध्ये गेला. त्या वर्षभरात त्याने बुंडेसलीगा या जर्मन लीगमध्ये २० गोल केले आणि तो लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. डॉर्टमुंडचा तो हिशेब मला तरी पूर्णपणे तोट्याचा वाटत नाही. लिव्हरपूलने तर अलेक्झांडर-अर्नोल्डला शेवटच्या वर्षी संघात ठेवून लीगचे विजेतेपदही मिळवले.