एकाच भांड्यात भाज्या घालून केलेला पास्ता चिकट का होतो आणि तो नीट कसा करावा?

तुम्ही विचारले आहे की खोलीवर एकच शेगडी असल्यामुळे पास्ता आणि भाज्या एकाच भांड्यात शिजवाव्या लागतात. तसे केले की पास्त्याचा चिकट गोळा होतो, गाजर-फरसबी मात्र करकरीत राहते. शिवाय उरलेला पास्ता दुसऱ्या दिवशी डब्यात नेता आला तर बरे. मी अशा पद्धतीचा पास्ता नेहमी करते. ही पद्धत चांगली आहे, मात्र वेगळ्या पाण्यात पास्ता उकडण्याच्या सवयी इथे जशाच्या तशा चालत नाहीत. सगळा प्रश्न पाण्याचा आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

इटलीतल्या रूढ पद्धतीत १०० ग्रॅम सुक्या पास्त्याला साधारण १ लिटर पाणी आणि १० ग्रॅम मीठ घेतात, पास्ता शिजला की पाणी निथळून टाकतात आणि पास्त्यातून सुटलेला स्टार्चही त्या पाण्याबरोबर बराचसा निघून जातो. एका भांड्याच्या पद्धतीत निथळणे नसतेच. भांड्यात जेवढे पाणी ओतले, त्यातले काही पास्ता पितो, काही वाफ होऊन जाते आणि उरलेले सगळे पानात येते, त्यामुळे सुटलेला स्टार्चही पूर्णपणे पदार्थातच राहतो. हाच स्टार्च तेल आणि टोमॅटोच्या रसाला धरून ठेवतो व मैदा किंवा कॉर्नफ्लोअर न लावता चकचकीत, दाट रस तयार करतो. आणि पाणी कमी पडले किंवा वेळेवर ढवळले गेले नाही, तर हाच स्टार्च खळीसारखा घट्ट होऊन सगळ्याचा गोळा करतो.

काही जणांना ही पद्धत म्हणजे इटालियन स्वयंपाकाचा अपमान वाटतो, म्हणून एक गोष्ट सांगायला हवी. मिनेस्त्रोनेसारख्या भाज्यांच्या सुपात किंवा पास्ता आणि राजम्यासारखे दाणे एकत्र शिजवलेल्या ‘पास्ता ए फाजोली’त कोरडा पास्ता त्याच भांड्यातल्या रसात शिजवण्याची रीत तिथे जुनी आहे. २०१३ साली अमेरिकेत घरगुती पाककृतींसाठी प्रसिद्ध असलेल्या मार्था स्टुअर्ट यांच्या मासिकात लिंग्विनी (लांब, चपट्या शेवयांसारखा पास्ता), टोमॅटो, कांदा, लसूण आणि पाणी एकदमच पसरट भांड्यात घालून शिजवण्याची कृती छापून आली आणि तेव्हापासून ही रीत जगभर घरोघरी पोहोचली. त्या कृतीत मात्र गाजर, फरसबी किंवा फ्लॉवर नव्हते. आपण आपल्या बाजारातल्या कडक भाज्या घालतो, आणि तुमची अर्धी अडचण नेमकी तिथे आहे.

आधी पास्त्याच्या निवडीबद्दल. पाकिटामागची घटकांची यादी वाचा आणि ‘ड्युरम गव्हाचा रवा’ असे लिहिलेलाच पास्ता घ्या. ड्युरम गव्हातली प्रथिने शिजताना घट्ट जाळे धरतात आणि स्टार्चला आत अडवून ठेवतात. मैद्याच्या किंवा साध्या गव्हाच्या पास्त्यात हे जाळे कच्चे असते, त्यामुळे तो लवकर फुटतो आणि पाणी खळीसारखे करतो. इटलीत बनणारा सुका पास्ता ड्युरमच्या रव्याचाच असावा असा नियम १९६७ सालच्या कायद्यापासून आहे. आपल्याकडेही हा गहू परका नाही: ज्याचा बन्सी रवा मिळतो तो बन्सी गहू ड्युरमच आहे, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने ड्युरमचे अनेक वाण काढलेले आहेत. चांगला पास्ता पिवळसर, काहीसा पारदर्शक दिसतो. पांढुरका, पिठूळ दिसणारा पास्ता वेगळ्या पाण्यात कसाबसा निभावतो, एका भांड्यात निभावत नाही. आकारांमध्ये पेने (तिरक्या कापाच्या नळ्या), फुसिली (पिळदार तुकडे) किंवा मोठी मॅकरोनी घ्यावी. फुलपाखराच्या आकाराचा पास्ता मधोमध जाड आणि कडेला पातळ असल्यामुळे मोजक्या पाण्यात एकसारखा शिजत नाही.

आता पाण्याचा हिशेब. तिघांच्या जेवणासाठी २५० ग्रॅम पास्ता, म्हणजे ५०० ग्रॅमच्या पाकिटाचा अर्धा भाग, पुरतो. शिजताना सुका पास्ता आपल्या वजनापेक्षा थोडे जास्तच, म्हणजे इथे सुमारे ३०० मिलि पाणी शोषतो. पसरट, उघड्या भांड्यात दहा-बारा मिनिटांच्या उकळीत जवळपास तेवढेच पाणी वाफेवाटे उडते. रसासाठी थोडे उरायला हवे, म्हणून मी २५० ग्रॅम पास्त्याला ७०० मिलि पाणी आणि ३०० ग्रॅम पिकलेले टोमॅटो घेते, शिवाय वाटीभर गरम पाणी हाताशी ठेवते. भांडे उभट आणि अरुंद असेल तर वाफ कमी जाते, तेव्हा पाणी १०० मिलिने कमी करावे. मशरूम किंवा दुधी घालणार असाल तरी पाणी कमीच घ्यावे, कारण या भाज्या स्वतःचे भरपूर पाणी सोडतात. भांडे जाड बुडाचे आणि स्टीलचे किंवा नॉनस्टिक असावे. लोखंडी कढईत टोमॅटो उकळला की रस काळपट होतो आणि त्याला लोखंडाची चव उतरते.

गाजर आणि फरसबी कच्ची का राहते, याचे कारण वेळेपेक्षा टोमॅटोमध्ये आहे. भाजीच्या पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारे पेक्टिन आंबट पाण्यात सहजासहजी विरघळत नाही, म्हणून आंबटात पडलेली भाजी बराच वेळ उकळली तरी आतून कडक राहते. तूरडाळ शिजण्याआधी चिंच किंवा कोकम घालू नये असे आपल्या घरांमध्ये सांगतात, त्याच्या मुळाशीही हीच गोष्ट आहे. तेव्हा गाजर, फरसबी, फ्लॉवर या भाज्या टोमॅटोच्या आधी, तेलात परतून आणि पाण्याचा हबका मारून, झाकणाखाली अर्ध्याहून जास्त शिजवून घ्याव्यात. हिरव्या भाज्यांचे गणित याच्या उलट आहे. आंबट आणि उष्णता एकत्र आली की पानांतले हरितद्रव्य बदलून हिरवा रंग शेवाळी होतो, म्हणून मटार, सिमला मिरची आणि पालक शेवटच्या काही मिनिटांतच घालावेत. फरसबी दोन्ही बाजूंनी अडचणीची आहे: लवकर घातली तर रंग जातो, उशिरा घातली तर कच्ची राहते. मला रंगापेक्षा ती शिजलेली असणे महत्त्वाचे वाटते, म्हणून मी ती गाजराबरोबरच घालते.

प्रत्यक्ष कृती अशी. एकच शेगडी असल्यामुळे आधी पाणी उकळून थर्मासमध्ये किंवा झाकणाच्या भांड्यात काढून ठेवावे. गार पाणी ओतले तर ते तापेपर्यंत भाज्या उगाच शिजत राहतात आणि पास्त्याच्या वेळेचा अंदाज चुकतो. मग त्याच भांड्यात दोन मोठे चमचे तेल तापवून ठेचलेला लसूण मंद आचेवर सोनेरी होईपर्यंत परतावा, उभा चिरलेला कांदा घालावा, आणि तो मऊ झाला की एक मोठे गाजर व मूठभर फरसबी बारीक चिरून घालून चिमूटभर मिठासह झाकण ठेवावे. चार-पाच मिनिटांनी गाजराच्या तुकड्यात सुरीचे टोक थोड्या जोराने शिरले पाहिजे. तसे झाले की चिरलेले टोमॅटो आणि कुटलेली लाल मिरची घालून टोमॅटो गळेपर्यंत परतावे. त्यानंतर गरम पाणी, मीठ आणि पास्ता घालावा.

पास्ता पाण्यात पडल्यानंतरची पहिली दोन-तीन मिनिटे सर्वांत महत्त्वाची असतात. या वेळात प्रत्येक तुकड्याच्या पृष्ठभागावरचा स्टार्च फुगून चिकट होतो आणि शेजारच्या तुकड्याला धरतो. भरपूर पाण्यात तो पसरून जातो, मोजक्या पाण्यात त्याला पसरायला जागा नसते. म्हणून या वेळात भांड्यापासून दूर जाऊ नये आणि सपाट कलथ्याने बुडापासून ढवळत राहावे. पुढे दर मिनिटाला एकदा ढवळले तरी पुरते. आच मध्यमपेक्षा थोडी मोठी ठेवावी आणि झाकण ठेवू नये. पाकिटावर दिलेल्या वेळेच्या दोन मिनिटे आधी मटार आणि सिमला मिरची घालावी आणि पेनेचा एक तुकडा दातांनी तोडून पाहावा. तुटलेल्या कडेच्या मधोमध बारीक पांढरी रेघ दिसत असेल तर आत कच्चा भाग आहे. ती रेघ जेमतेम पुसली जाते तेव्हा पास्ता तयार असतो. रसाची पारख कलथ्यानेच होते. बुडावरून कलथा ओढला की मागे वाट उघडते. ती लगेच भरून आली तर रस अजून पातळ आहे, एक-दोन क्षण उघडी राहून मग सावकाश मिटली तर गॅस बंद करायची वेळ झाली आहे, आणि उघडीच राहिली तर हाताशी ठेवलेल्या गरम पाण्यातले चार-पाच चमचे पाणी घालायला हवे. ताटात वाढेपर्यंत रस आणखी दाट होतो, म्हणून डोळ्यांना हवा वाटतो त्यापेक्षा थोडा सैल असतानाच गॅस बंद करावा. पालक घालायचा असेल तर तो यानंतर घालावा, भांड्यातल्या उष्णतेने तो लगेच खाली बसतो.

मिठाबाबत बहुतेकांचे चुकते, कारण उकडण्याच्या पाण्याचे प्रमाण इथे लावले जाते. त्या पाण्यातले बरेचसे मीठ निथळताना जाते. इथे घातलेले सगळे मीठ पोटात जाते. २५० ग्रॅम पास्ता आणि भाज्यांना मिळून एक सपाट छोटा चमचा मीठ पुरे, आणि चीज घालणार असाल तर त्याहून थोडे कमी. चीजच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे: रोजच्या जेवणासाठी प्रोसेस्ड चीजची वडी किसून घालण्यात काहीही कमीपणा नाही. त्यात पाणी आणि चरबी एकत्र धरून ठेवणारे क्षार असल्यामुळे ते गरम रसात फुटत नाही. अस्सल पार्मिजानो रेजानो हे इटलीचे टणक चीज घालणार असाल आणि तुम्ही शाकाहारी असाल, तर ते वासराच्या जठरातून मिळणारे, दूध साकळवणारे रेनेट वापरूनच बनवलेले असते हे लक्षात ठेवावे आणि पाकिटावरचे शाकाहारी-मांसाहारी चिन्ह पाहून घ्यावे. कोणतेही चीज गॅस बंद केल्यावरच घालावे. गुलाबी रस हवा म्हणून उकळत्या टोमॅटोत दूध ओतू नये, ते आंबटपणाने फाटते; त्याऐवजी घट्ट साय किंवा क्रीम शेवटी घालावे.

वासासाठी सुका ओरेगॅनो टोमॅटोबरोबर घालता येतो. ताजी बेसिल मिळत नसेल तर अंगणातली तुळस घालू नये, तिचा लवंगेसारखा उग्र वास टोमॅटोवर मात करतो. सब्जाचे रोप कुठे मिळाले तर मात्र त्याची पाने जरूर वापरून पाहावीत, कारण सब्जा आणि गोडी बेसिल वनस्पती म्हणून एकाच जातीतली आहेत.

बरेच जण हाच पास्ता कुकरमध्ये एका शिट्टीत करतात. त्यात ढवळता येत नाही, पास्ता शिजला की नाही ते पाहता येत नाही, आणि पास्त्याचा फेस वर चढून शिट्टीची वाट बंद होण्याचा धोका असतो. गॅस वाचत असला तरी मी कुकर सुचवणार नाही. करायचाच असेल तर कुकर अर्ध्यापेक्षा कमी भरावा आणि वाफ पूर्ण गेल्याशिवाय झाकणाला हात लावू नये.

आता डब्याचे. गार झाल्यावर स्टार्च पुन्हा घट्ट बसतो आणि पास्ता रस शोषत राहतो, म्हणून दुसऱ्या दिवसासाठीचा वाटा एक-दीड मिनिट आधीच, रस चांगला सैल असताना, चीज न घालता काढून पसरट ताटलीत लवकर गार करावा आणि फ्रीजमध्ये ठेवावा. सकाळी त्यात चार-पाच चमचे पाणी घालून मंद आचेवर वाफ येईपर्यंत नीट गरम करावा, चीज तेव्हा घालावे. खोलीवर फ्रीज नसेल तर रात्रीचा पास्ता सकाळी नेऊ नका. शिजवलेल्या भात-पास्त्यासारख्या पदार्थांत, ते रात्रभर बाहेर राहिले तर, काही जिवाणू असे विष तयार करतात की जे पुन्हा गरम केल्यानेही जात नाही, आणि वासावरून ते कळतही नाही. अशा वेळी रात्री फक्त कांदा, गाजर आणि फरसबी चिरून झाकून ठेवा; सकाळी पाणी उकळण्यापासून डबा भरेपर्यंत अर्धा तास पुरतो. डबा भरल्यावर वाफ निघून गेली की मगच झाकण लावा, नाहीतर झाकणाला जमलेले पाणी पास्त्यावर गळून वरचा थर लगदा होतो.