मिलानमध्ये एकच दिवस आहे. ला स्काला या ऑपेरागृहासमोरचा लिओनार्दो दा विंचीचा पुतळा मुद्दाम बघण्यासारखा आहे का?

आहे. पण बहुतेक लोक वरच्या लिओनार्दोचा फोटो काढतात आणि शेजारच्या गॅलरियात, म्हणजे छत असलेल्या दुकानांच्या गल्लीत, शिरतात. तसंच करणार असाल तर नाही गेलात तरी चालेल.

पिएत्रो मान्यीचं हे संगमरवरी काम १८७२ सालचं. वर मान खाली घालून विचारात उभा असलेला लिओनार्दो, खाली चार कोपऱ्यांत त्याचे चार शिष्य. मिलानकरांनी त्याला 'चौघांत एक लिटर' असं नाव ठेवलं, म्हणजे मधे वाइनची बाटली आणि भोवती चार पेले. टिंगल फिट बसते, नाकारत नाही.

माझी ताई आणि दाजी इकडे आले तेव्हा मी त्यांना तिथे नेलं. दाजींचा पेणला गणपतीचा कारखाना आहे. माझे वडील पेणच्याच दुसऱ्या एका कारखान्यात आयुष्यभर डोळ्यांची आखणी करत. गिऱ्हाईक मूर्ती बघायचं ते डोळ्यांसाठी, आणि पाटीवर नाव मालकाचं. दाजींनी पुतळ्याला एक फेरी मारली आणि म्हणाले, "वरचा एक पुरे होता. हे चौघे कशाला? उगाच दगड वाया." ताईने माझ्याकडे बघितलं, कारण पुढे काय होणार हे तिला माहीत होतं. आमचं वाजलंच. "कारागिराला पगार मिळतो, नाव कशाला?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ट्राम आली तरी आम्ही तिथेच.

आता दाजी, इथे ऐका. त्या चौघांत बोल्त्राफ्यो आहे. रशियातल्या एर्मिताज संग्रहालयात 'मादोन्ना लित्ता' हे चित्र लिओनार्दोच्या नावाने लागलं आहे आणि कितीतरी अभ्यासक त्यात बोल्त्राफ्योचा हात बघतात. मार्को दोज्जोनो आहे, ज्याने गुरूच्या 'लास्ट सपर' या मिलानमधल्याच भित्तिचित्राची नक्कल केली. मूळ चित्र लिओनार्दो हयात असतानाच खराब व्हायला लागलं होतं, त्यामुळे अशा नकलांवरूनच कितीतरी तपशील कळतात. ही माणसं दगडात कोरण्याच्याच लायकीची होती. पुतळ्याचा विचार ऑस्ट्रियाच्या राज्यात सुरू झाला, उभा राहीपर्यंत इटली एक झाली होती आणि सगळ्यांना एकच थोर पुरुष हवा होता. अशा वेळी मान्यीने कारखान्यातली माणसंही चौकात आणली, याचं मला अप्रूप आहे.

शिल्प म्हणून ते जगातलं श्रेष्ठ वगैरे नाही, तेही सांगून ठेवतो. मान्यीचीच 'वाचणारी मुलगी' मला जास्त आवडते. आणि एकच दिवस असेल तर 'लास्ट सपर'चं तिकीट आधी काढा, आयत्या वेळी मिळणं कठीण. आत जेमतेम पंधरा मिनिटं मिळतात. पुतळा भर चौकात आहे, तिकीट नाही, रात्री जेवण झाल्यावरही बघता येतो. दाजींसारखं कुणी बरोबर असेल तर जेवणानंतरच न्या.