शब्दचर्चा: दुर्मिळ की विरळ?

प्रश्न असा आहे: ‘दुर्मिळ पृथ्वी खनिजांचा पुरवठा सुरक्षित करण्यासाठी उद्योगांची धडपड’ या वाक्यात ‘सुरक्षित’ योग्य की ‘शाश्वत’?

सांगतो, पण आधी ती ‘पृथ्वी’ बाजूला काढू द्या. बातम्यांतून ती रोज कानावर आदळते आणि दर वेळी चीड येते. हे इंग्रजी ‘रेअर अर्थ’चं शब्दशः भाषांतर, पण ‘अर्थ’ म्हणजे पृथ्वी तशी मातीही, आणि इथे अभिप्रेत आहे ती माती. अठराव्या शतकातले युरोपातले रसायनज्ञ भट्टीत न वितळणाऱ्या, पाण्यात न विरघळणाऱ्या पुडीला ‘माती’ म्हणत. आज आपण तिला ऑक्साइड म्हणतो. स्वीडनमधल्या इटरबी गावाजवळ १७८७ मध्ये एक काळा दगड सापडला, १७९४ मध्ये रसायनज्ञ योहान गाडोलिन यांना त्यात अशी एक नवी ‘माती’ आढळली, आणि पुढे या कुळाला तेच नाव चिकटलं. शाळेच्या पुस्तकात कॅल्शिअम आणि मॅग्नेशिअम हे ‘अल्कधर्मी मृदा धातू’ असतात, ती मृदा हीच. तिथे ‘अल्कधर्मी पृथ्वी’ लिहिण्याची कुणाची छाती होत नाही, मग इथे का होते? मृदा म्हणा, मृत्तिका म्हणा, विषय संपला.

खरी गंमत ‘दुर्मिळ’मध्ये आहे. या कुळात १७ मूलद्रव्यं. त्यांतलं सिरिअम भूकवचात जवळजवळ तांब्याइतकं आहे. थुलिअम या यादीत अगदी तळाला, तरी सोन्याच्या शंभरपटीहून जास्त. किरणोत्सारी प्रोमेथिअम सोडलं तर यांतलं कुठलंच त्या अर्थाने दुर्मिळ नाही. अडचण वेगळी आहे. लोखंडासारखे किंवा तांब्यासारखे यांचे घट्ट साठे क्वचितच बनतात. थोडं इथे, थोडं तिथे, सगळीकडे पसरलेलं. याला मराठीत नेमका शब्द आहे: विरळ. विरळ केस, विरळ वस्ती, दाट उगवलेल्या रोपांची विरळणी. संख्या कमी असणं हा यातला मुख्य अर्थ नव्हेच, मध्ये मोकळी जागा असणं हा आहे. आणि युरोपीय नावातलं विशेषण ज्या लॅटिन ‘रारुस’वरून आलं, त्याचा मूळ अर्थही हाच: सुटं, पातळ, अंतराअंतरावर असलेलं. ‘क्वचित मिळणारं’ हा अर्थ त्याला नंतर चिकटला.

आता अमरकोशातला हा अर्धा श्लोक पाहा: ‘घनं निरन्तरं सान्द्रं पेलवं विरलं तनु’. पहिले तीन शब्द दाटपणाचे, पुढचे तीन त्याच्या उलट. म्हणजे ‘विरल’च्या समोर कोशकार अमरसिंह ‘निरंतर’ ठेवतो. निर् अधिक अंतर, ज्यात फट नाही असं. हा शब्द लक्षात ठेवा, तो पुढे कामाला येणार आहे.

जुन्या परिभाषाकारांनी ‘विरल मृत्तिका’ योजलं ते म्हणूनच अचूक होतं. ‘दुर्मिळ रुळलंय, आता कशाला उकरता’ असं म्हणणारे भाषातज्ज्ञ मला मुळीच मान्य नाहीत. रुळलेली चूक समज बिघडवते. ‘दुर्मिळ’ म्हटलं की वाचक समजतो, नवी खाण सापडली की प्रश्न सुटला. खाणी ऑस्ट्रेलियात आहेत, अमेरिकेत आहेत, केरळच्या किनाऱ्यावरच्या वाळूत मोनाझाइट हे यांचं खनिज आहे. घोडं अडतं ते विलगीकरणात. ही मूलद्रव्यं रासायनिक स्वभावाने इतकी सारखी की एकातून दुसरं सोडवायला द्रावक-निष्कर्षणाचे, म्हणजे द्रावकात ओढून वेगळं काढण्याचे, शेकडो टप्पे लागतात. खाणकामात चीनचा वाटा मोठा आहेच, पण शुद्धीकरणात तो ९० टक्क्यांच्या आसपास आहे.

‘दुर्मिळ’ हे विशेषण ‘मिळायला कठीण’ या अर्थाने द्यायचंच असेल तर ते एकट्या डिस्प्रोशिअमला द्या, आणि इथे मी थोडा रेंगाळणार. १८८६ मध्ये फ्रेंच रसायनज्ञ लकॉक द ब्वाबोद्रां यांनी ते शोधलं आणि ग्रीक ‘दुस्प्रोसितोस’वरून नाव ठेवलं. यातलं ‘दुस्’ म्हणजे आपल्या दुस्-दुर् या उपसर्गाचं सख्खं भावंड. ‘प्रोस’ म्हणजे कडे, आणि पुढे जाण्याचा धातू ‘इ’, जो संस्कृतात ‘एति’मध्ये दिसतो. ज्याच्यापर्यंत जाणं कठीण ते. म्हणजे शब्दशः दुर्गम! निओडिमिअमच्या चुंबकाने तापल्यावर जोर सोडू नये म्हणून त्यात डिस्प्रोशिअम घालतात, म्हणून विजेवर चालणाऱ्या मोटारींना ते हवं. ते मुख्यतः येतं दक्षिण चीन आणि म्यानमारमधल्या चिकणमातीतून. टेकडीच्या उतारावर भोकं पाडून अमोनिअम सल्फेटचं पाणी सोडतात, मातीच्या कणांना चिकटलेले या मूलद्रव्यांचे आयन (विद्युतभारित कण) त्या पाण्यात उतरतात आणि खाली चरांत गोळा होतात. परिभाषेतली ‘मृदा’ इथे अक्षरशः माती आहे, हे मला फार आवडतं. त्या डोंगरांची आणि ओढ्यांची त्यात जी नासाडी होते ती मात्र भयानक आहे.

हं, ‘सुरक्षित’. पुरवठा सुरक्षित करणे हे मराठी नाही. सुरक्षित असतं ते गोदाम. खाणीतून उपसलेली वस्तू ‘शाश्वत’ही असू शकत नाही. ‘स्थिर’ चालेल, पण पाण्यासारखं वाहत राहायला हवं त्याला स्थिर म्हणणं मला खटकतं. उद्योगांची भीती कसली आहे? मध्येच फट पडण्याची. सप्टेंबर २०१० मध्ये, चीन आणि जपान दोघेही हक्क सांगतात त्या सेनकाकू बेटांजवळ दोन्ही देशांच्या बोटींची टक्कर झाली आणि जपानकडे जाणारा चिनी माल अडला. एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात मूलद्रव्यांच्या निर्यातीला परवान्याची अट घातली, तेव्हा काही मोटार कारखान्यांना उत्पादन थांबवावं लागलं. म्हणून ‘निरंतर पुरवठा’. बोलीत हवं तर ‘अखंड’. ‘विरळ मृदा मूलद्रव्यांचा निरंतर पुरवठा’ असं लिहिलंत तर अमरसिंहाची जोडी पुन्हा एकत्र येते.

आणि ‘पुरवठा’ हा शब्द ‘पुरणे’तून आला आहे. नुसता माल येऊन पडणं म्हणजे पुरवठा नाही. आहे ते पुरवून वापरणंही त्यातच आलं. २०१० नंतर जपानी चुंबक-उत्पादकांनी हेच केलं. डिस्प्रोशिअम सगळ्या मिश्रधातूत कालवण्याऐवजी ते फक्त स्फटिककणांच्या कडांवर मुरवण्याची पद्धत त्यांनी वाढवली, कारण चुंबकत्व ढासळायला सुरुवात होते ती त्या कडांपासूनच. कमी डिस्प्रोशिअममध्ये तितकंच उष्णतासह चुंबक तयार होऊ लागलं.