फाटक बंद पडलं की तिचा विषय सुरू होतो

नमस्कार दादा,

लासलगावहून आलेलं तुमचं पत्र वाचलं. मुलगी टी.वाय.ला, विषय अर्थशास्त्र. तिला सीमेवरच्या भागांच्या आर्थिक नियोजनात काम करायचंय, आणि तुमचं म्हणणं, 'तिकडे आज एक सरकार, उद्या दुसरं. कसलं करिअर? त्यापेक्षा बी.एड. बरं.'

तुम्ही कांद्याचे व्यापारी, म्हणून तुमच्याच मालावरून सांगतो. 5 ऑगस्ट 2024 ला बांगलादेशच्या पंतप्रधान शेख हसीनांनी ढाका सोडलं आणि सीमेवरच्या, बंगालमधल्या पेट्रापोल नाक्यावर ट्रकांच्या रांगा लागल्या. ताडपत्रीखाली कांदा किती दिवस तग धरतो, ते मी तुम्हाला काय सांगू? पण तुम्ही पुढचा माल कोलंबोला, दुबईला वळवू शकता. नाक्यावरचा हमाल, कस्टमचं काम बघणारा एजंट, खाणावळवाली बाई, यांनी काय वळवायचं? गावाचं पोट एकाच फाटकावर. पाकिस्तान सीमेवरचं अटारीचं फाटक तर पहलगामच्या हल्ल्यानंतर, एप्रिल 2025 मध्ये, एका निर्णयात बंद झालं. अशा गावात दुसरा कुठला धंदा उभा राहील, रस्ता-गोदाम-शीतगृह कुठे हवं, हे आधीच आखून ठेवायचं, हाच तिचा विषय. सरकारं बदलतात म्हणून तर तो आहे.

नोकऱ्या मात्र ढिगाने नाहीत, हे स्पष्ट सांगतो. केंद्राचा सीमा क्षेत्र विकास कार्यक्रम 1986-87 पासूनचा, आणि 2023 मध्ये उत्तर सीमेवरच्या गावांसाठी 4,800 कोटींचा 'व्हायब्रंट व्हिलेजेस' मंजूर झाला. म्हणजे काम आहे, पण बरंचसं कंत्राटी. म्हणून 'सीमा' नावाचा कोर्स शोधत बसू नका. आधी अर्थशास्त्रात पक्कं पदव्युत्तर शिक्षण. पुण्याची गोखले संस्था किंवा दिल्लीचं जेएनयू. त्यावर यूपीएससीची भारतीय आर्थिक सेवेची परीक्षा देता येते. जागा मोजक्या, पण वाट सरळ. प्रादेशिक नियोजनाकडेही तिथूनच वळता येतं. जोडीला बांगला शिकली तर सोन्याहून पिवळं.

दिल्लीचा खर्च करण्याआधी एक करा. सीमाभाग म्हटलं की आपल्याला बेळगावच आठवतं, पण आपल्याच जिल्ह्यातल्या सुरगाण्याच्या काही गावांनी 2022 च्या अखेरीस 'आम्हाला गुजरातेत घाला' म्हणून मागणी केली होती. रस्ता, पाणी, दवाखाना, कारणं साधी होती. तिला वणीमार्गे तिकडे पाठवा, चार दिवस राहू दे. आजारी माणसाला आधी कुठे नेतात, आठवडे बाजार कुठला करतात, मजुरीला कुठल्या बाजूला जातात, वहीत उतरवून आणू दे.

बी.एड.ची सीईटी हवी तर देऊ द्या. पण अर्ज पक्का करण्याआधी ती वही घेऊन तिला माझ्याकडे नाशिकला पाठवा. तुम्हीही या.