जॅझमध्ये डबल बास वाजवणाऱ्यांचं करिअर कसं घडतं? बास गिटारवरून तिकडे वळायचं असेल तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही बास गिटार वाजवता, जॅझ बासवादक रॉन कार्टर ऐकून डबल बासची (व्हायोलिनच्या घडणीचं, उभं धरून वाजवायचं मोठं वाद्य) ओढ लागली आहे, आणि या लोकांचं पोट कशावर चालतं हे तुम्हाला जाणून घ्यायचंय. दोन्ही प्रश्नांचं उत्तर बऱ्याच अंशी एकच आहे. डबल बासवाल्याचं करिअर दुसऱ्यांच्या बँडमध्ये घडतं. सोलोला टाळ्या मिळतात, पण पुढच्या कामाचा फोन येतो तो लय पक्की, सूर नेमका आणि माणूस वेळेवर हजर म्हणून.

कार्टर यांचंच घ्या. जन्म १९३७, मिशिगन. दहाव्या वर्षी चेलो, मग डेट्रॉइटच्या कॅस टेक्निकल हायस्कूलमध्ये असताना डबल बास. १९५९ साली ईस्टमन स्कूल ऑफ म्युझिकची पदवी, १९६१ साली मॅनहॅटन स्कूल ऑफ म्युझिकची मास्टर्स. ही सगळी तयारी सिंफनी ऑर्केस्ट्राच्या तोडीची, पण तेव्हा तिथे काळ्या वादकाला शिरकाव जवळजवळ नव्हताच. १९६३ ते १९६८ ते ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या क्विंटेटमध्ये (पाच जणांच्या बँडमध्ये) होते. त्यानंतर स्वतःचे अल्बम निघाले, न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात अनेक वर्षं शिकवलं, पण कामाचा डोंगर उभा राहिला तो इतरांच्या रेकॉर्डिंगमधून. २०१५ साली गिनेसने नोंद केली तेव्हा त्यांच्या रेकॉर्डिंगचा आकडा २,२२१ होता. असा आकडा सोलो वाजवून होत नाही. समोर ठेवलेला कागद पहिल्याच टेकमध्ये बिनचूक वाचता आला आणि गज (बो) हातात घ्यायची लाज नसली, तरच होतो.

दुसरे बासवादक मिल्ट हिंटन मुळात व्हायोलिनवाले. बोलपट आले, मूकपटांच्या थिएटरांतली व्हायोलिनची कामं गेली, म्हणून ते बासकडे वळले. १९३६ ते १९५१ गायक कॅब कॅलोवे यांच्या बँडमध्ये, पुढे न्यूयॉर्कचे स्टुडिओ. बासवादक रे ब्राउन १९५१ ते १९६६ पियानोवादक ऑस्कर पीटरसन यांच्याबरोबर सतत फिरतीवर होते. मग लॉस एंजेलिसला स्थायिक होऊन स्टुडिओ, शिकवणं आणि इतर कलाकारांचं व्यवस्थापन. फिरतीची पंधरा वर्षं, मग एका शहरात बसून मिळेल ते सगळं काम, हा नकाशा बऱ्याच जणांच्या आयुष्यात दिसतो. साइडमनला, म्हणजे दुसऱ्याच्या बँडमध्ये वाजवणाऱ्याला, साधारणपणे ठरलेलं मानधन एकदाच मिळतं. रॉयल्टी हवी तर स्वतः रचना कराव्या लागतात. म्हणून शिकवणं हा जोडधंदा न मानता करिअरचा एक पाय समजा.

आता सुरुवात. बास गिटारच्या ई, ए, डी, जी याच तारा इथेही आहेत, त्यामुळे डोक्यातलं ज्ञान चालतं, हात मात्र नव्याने घडवावा लागतो. बास गिटारच्या तारेची वाजणारी लांबी सुमारे ८६ सेंमी, डबल बासची सुमारे १०५. खालच्या भागात एका पट्टीला (फ्रेटला) एक बोट हे गणित इथे बसत नाही. पहिलं (तर्जनी), दुसरं (मधलं) आणि करंगळी अशी बोटं वापरायची, अनामिका करंगळीच्या जोडीला टेकवायची. पहिल्या ते करंगळीत एक पूर्ण स्वर मावतो. अंगठ्याने वाद्याची मान आवळू नका. दाब दंडाच्या वजनातून यायला हवा. मनगट दुखण्याचं कारण बहुतेक वेळा हेच, नाहीतर तारा फार उंच असणं.

वॉकिंग बास, म्हणजे दर मात्रेला एक स्वर चालत नेणं, काय ते एफमधल्या बारा मापांच्या (बारच्या) ब्लूजच्या पहिल्या मापात बघा. चार मात्रा, चार स्वर: एफ, ए, सी, बी. पुढच्या मापाची सम बी-फ्लॅटवर. एफला सा धरलात तर हे झालं सा, ग, प, तीव्र म आणि समेवर शुद्ध म. पहिल्या तीन स्वरांनी कॉर्ड सांगितली, चौथा अर्ध्या स्वराने वरून ढकलत पुढच्या कॉर्डवर नेतो. गंमत म्हणजे हात अजिबात हलवावा लागत नाही. एफ ई तारेवर पहिल्या बोटाने, ए मोकळी तार, सी ए तारेवर करंगळीने, बी दुसऱ्या बोटाने, बी-फ्लॅट पहिल्या बोटाने. बाराही मापं याच तत्त्वाने लिहून काढा: पहिल्या मात्रेवर मूळ स्वर, चौथ्यावर पुढच्या मुळाकडे नेणारा. महिनाभर लिहून वाजवा, मग कागद बाजूला ठेवा.

नवशिक्यांचं बिघडतं ते बहुधा स्वरांच्या निवडीत नव्हे, लांबीत. डावं बोट लवकर उचललं की दोन स्वरांमध्ये भोक पडतं, ते भरायला हात घाई करतो आणि लय पळते. पुढचा स्वर वाजेपर्यंत आधीचा धरून ठेवा. मेट्रोनोम ६० वर लावा आणि टिक दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर आहे असं मानून वाजवा, म्हणजे १२०ची लय झाली. ते जमलं की ३० वर लावा, मापाला एकच टिक, चौथ्या मात्रेवर. इथे भल्याभल्यांची फजिती होते.

सुरासाठी रोज वीस मिनिटं गजाने लांब स्वर, मागे तानपुरा. आपल्याकडच्या माणसाला ही सोय आयती आहे, ती सोडू नये. फक्त छेडून वाजवलं तर चुकलेला सूर विरून जातो, गज त्याला उघडा पाडतो.

वाद्य लावून घेताना फिंगरबोर्डच्या टोकाशी जी तार साधारण ५ ते ६ मिमी आणि ई तार ८ ते ९ मिमी उंच असावी. ब्रिजच्या (तारा ज्यावर टेकतात त्या घोडीच्या) पायांत फिरवता येणाऱ्या चकत्या बसवून घ्या. पावसाळ्यात वरची फळी फुगून तारा वर जातात, कोरड्या हवेत खाली येऊन खरखरतात. चकत्या थोड्या फिरवल्या की काम भागतं. चारही तारा एकदम कधीच काढू नका. जी तारेकडच्या ब्रिजच्या पायामागे आत उभा असलेला साउंडपोस्ट (लाकडी दांडका) डिंकाने चिकटवलेला नसतो, तो फक्त दाबावर उभा असतो. दाब गेला की पडतो, आणि तो परत नेमक्या जागी उभा करणं घरच्या घरी होण्यातलं नाही. तारा बदलायच्या त्या एकेक करून.

अँपला जोडताना पिएझो पिकअप (वाद्याची कंपनं पकडणारा) थेट साध्या इनपुटमध्ये घातला तर आवाज पातळ आणि नाकातला येतो. किमान १ मेगाओहम इनपुट असलेला प्रीअँप (अँपच्या आधी सिग्नल सांभाळणारी छोटी पेटी) मध्ये हवा. फीडबॅक घुमायला लागला तर आवाज कमी करण्याआधी प्रीअँपवरच्या बटणाने फेज (सिग्नलची दिशा) उलटा करून बघा, आणि ३०-४० हर्ट्झखालचं सगळं कापून टाका.

विमानप्रवासाला हे वाद्य कटकटीचंच. चेलोसाठी शेजारची सीट घेता येते, डबल बास तिथे मावत नाही, आणि भक्कम पेटीत घातला तर वजन व भाडं दोन्ही झोंबतं. म्हणून फिरतीवरचे बरेच वादक गज, पिकअप आणि तारांचा एक संच घेऊन जातात, बास त्या गावातच भाड्याने घेतात. अशा परक्या वाद्यावर आधी मानेचा तळ, म्हणजे मान वाद्याच्या अंगाला मिळते ती जागा, तपासायचा. अंगठा तिथे टेकला की जी तारेवर पहिल्या बोटाखाली कुठे डी येतो, कुठे ई-फ्लॅट. हे न बघता स्टेजवर चढलात तर वरचे सगळे स्वर अर्ध्या स्वराने हुकतात.

पहिलं वाद्य तीन-चतुर्थांश मापाचं, प्लायवूडचं घ्या. अखंड लाकडाचा आवाज जास्त गोड हे खरं, पण दमट पावसाळ्यानंतर हवा कोरडी पडली की त्याला चिरा जायची भीती जास्त आणि दुरुस्त करणारे कारागीर मोजकेच. उरलेल्या पैशात चांगल्या स्टीलच्या तारा आणि वर्षभराची शिकवणी बसवा.